पाळीची वेळ नसताना

२९ जानेवारी १९५१. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात पाऊस पडत होता. डेव्हिड लॅक्स यांनी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयासमोर मोटार उभी केली. गाडीत तीन लहान मुले होती. त्यांची पत्नी हेन्रिएटा एकटीच उतरली, अंगातले जाकीट डोक्यावर ओढून पावसातून धावत आत गेली आणि स्त्रीरोग विभागात जाऊन बसली. वय ३० वर्षे, पदरात पाच मुले, सर्वांत धाकटा जेमतेम चार महिन्यांचा. पाळीची वेळ नसताना अंगावरून रक्त जात होते आणि गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ हाताला लागत होती, ही तिची तक्रार.

हेन्रिएटा लॅक्स हे नाव आज जगाला माहीत आहे ते तिच्या पेशींमुळे. प्रयोगशाळेतल्या बशीत अखंड वाढत राहिलेल्या मानवी पेशींचा पहिला वाण तिच्या गाठीतून तयार झाला आणि तिच्या नावाची आद्याक्षरे जोडून त्याला ‘हेला’ म्हटले गेले. पोलिओच्या लशीची परिणामकारकता तपासण्यापासून कर्करोगाच्या औषधांपर्यंत या पेशी कुठे वापरल्या गेल्या नाहीत, असे क्षेत्र शोधावे लागेल. पण ही कहाणी सांगणारे बहुतेक जण सुरुवात करतात ती तिच्या शरीरातून तो तुकडा काढला गेला तिथून. त्याच्या आधीचे वर्ष दोन ओळींत उरकले जाते. अंगावरून अवेळी रक्त जात असलेल्या बाईला आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरला खरे तर ते आधीचे वर्षच जास्त शिकवून जाते.

हेन्रिएटाचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी व्हर्जिनिया राज्यातल्या रोनोक गावी झाला. पाळण्यातले नाव लोरेटा प्लेझंट. त्याचे हेन्रिएटा कधी आणि कसे झाले, हे तिच्या घरच्यांनाही सांगता येत नसे. ती चार वर्षांची असताना दहाव्या बाळंतपणात तिची आई गेली. एवढी मुले एकट्याने सांभाळणे वडिलांना शक्य नव्हते. त्यांनी मुलांना क्लोव्हर या मूळ गावी नेले आणि नातेवाइकांकडे वाटून ठेवले. हेन्रिएटा आजोबांच्या वाट्याला आली. त्यांचे लाकडी ओंडक्यांचे घर म्हणजे एके काळची गुलामांची वस्ती. आजोबांचा आणखी एक नातू, डेव्हिड, त्याच घरात वाढत होता. दोघे तंबाखूच्या शेतात राबत. सहावीच्या पुढे हेन्रिएटाची शाळा गेली नाही. चौदाव्या वर्षी तिला पहिला मुलगा झाला, १९३९ मध्ये मुलगी एल्सी झाली आणि १० एप्रिल १९४१ रोजी तिने डेव्हिडशी लग्न केले.

पुढे काम शोधत हे कुटुंब मेरीलँडमध्ये आले. बाल्टिमोरजवळच्या स्पॅरोज पॉइंट इथल्या पोलाद कारखान्यात डेव्हिड कामाला लागले आणि टर्नर स्टेशन या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत त्यांनी घर केले. गावाकडून नोकरी शोधायला येणारा प्रत्येक जण आधी या घरी येई. जेवण तयार असे, झोपायला जागा मिळे. हेन्रिएटा हसतमुख होती, तिला नाचायची हौस होती आणि हातापायाच्या नखांना लाल रंग लावल्याशिवाय ती राहत नसे. एल्सीला फिट्स येत, बोलता येत नसे. धाकटी मुले झाल्यावर तिला घरी सांभाळणे अशक्य झाले आणि तिला सरकारी संस्थेत ठेवावे लागले. हेन्रिएटा तिला भेटायला जात राहिली. मुलांचे वेड असलेल्या या बाईच्या मनाला तो घाव फार लागला, असे तिच्या जवळच्या बायका सांगत.

निदानाच्या सुमारे एक वर्ष आधी तिने नात्यातल्या दोन बहिणींना एक गोष्ट सांगितली. आत कुठे तरी गाठ असल्यासारखे वाटते आणि नवरा जवळ आला की दुखते. डॉक्टरकडे जा, असे बहिणींनी सुचवले. तिला मात्र एकच धास्ती होती, डॉक्टर पिशवी काढून टाकतील आणि पुढे मुले होणार नाहीत. त्यानंतर थोड्याच दिवसांत तिला दिवस राहिल्याचे कळले. मग सगळ्यांनी ते दुखणे गरोदरपणाच्या खात्यावर टाकले. गाठ पोटुशी राहण्याच्या आधीपासूनची आहे, हे तिने एकदा सांगितले आणि पुढे तो विषयच काढला नाही.

आपल्याकडे याला दुखणे अंगावर काढणे म्हणतात. अंगावर काढणाऱ्या बाईला आजाराची भीती नसते, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात तिला भीती असते ती उपचाराची, त्यानंतर घरात होणाऱ्या बोलाचालीची, खर्चाची, पुरुष डॉक्टरने तपासण्याची. हेन्रिएटाच्या मनातली पिशवी जाण्याची भीती आजही सरकारी रुग्णालयाच्या कुठल्याही स्त्रीरोग ओपीडीत रोज भेटते.

दोष सगळा तिच्या माथी मारता येणार नाही. तिच्या जुन्या नोंदींमध्ये शेवटच्या दोन्ही गरोदरपणांत कारण न कळलेला रक्तस्राव झाल्याचे लिहिलेले होते. १९ सप्टेंबर १९५० रोजी याच रुग्णालयात ती बाळंत झाली. त्या वेळच्या आणि सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीच्या नोंदीत गर्भाशयमुखाबद्दल वावगे असे काहीही नव्हते. पुढे लघवीतून रक्त गेले, तपासणीत गर्भाशयमुखाच्या पेशींबद्दल शंका आली आणि तिला पुढच्या तपासणीसाठी जायला सांगण्यात आले. ती गेली नाही. कृष्णवर्णीयांसाठी वेगळे वॉर्ड, वेगळे नळ असण्याचा तो काळ होता. त्यांच्यावर उपचार करणारी मोठी रुग्णालये थोडी होती. असह्य झाल्याशिवाय तिथे कोणी जात नसे आणि गेल्यावर डॉक्टरला उलट प्रश्न विचारण्याची पद्धत नव्हती.

बाळ चार महिन्यांचे झाले आणि तिच्या कपड्यांवर रक्ताचे डाग दिसू लागले. पाळीचे दिवस नव्हते. तिने न्हाणीघराचे दार लावून घेतले, कोमट पाण्याने भरलेल्या टबात बसली आणि स्वतःच बोटाने तपासले. गर्भाशयाच्या तोंडाशी कठीण गोळा हाताला लागला. मग तिने नवऱ्याला डॉक्टरकडे न्यायला सांगितले. वस्तीतल्या डॉक्टरला आधी गुप्तरोगाची शंका आली. त्या तपासणीत काही निघाले नाही, तेव्हा त्याने तिला हॉपकिन्सला पाठवले.

तिथे डॉ. हॉवर्ड जोन्स यांनी तिला तपासले. गर्भाशयमुखावर एका लहान नाण्याएवढी, जांभळट, चमकणारी गाठ होती आणि नुसता स्पर्श झाला तरी तिच्यातून रक्त येत होते. अनुभवी डॉक्टरला यातला स्पर्श झाला की रक्त हा भाग लगेच खटकतो. कर्करोगाची गाठ वेगाने वाढते, तिला रक्त पुरवणाऱ्या नव्या केशवाहिन्या घाईघाईने तयार होतात आणि त्यांच्या भिंती कच्च्या राहतात. वरची त्वचाही धड नसते. म्हणून संबंधानंतर, क्वचित शौचाला जोर केल्यावर किंवा आतून तपासणी केल्यावर रक्त दिसते. हे रक्त पाळीसारखे भरपूर असेलच असे नाही. एखादा डाग, गुलाबीसर पाणी, वास येणारा स्राव एवढेच सुरुवातीला असते आणि दुखत तर बहुतेक वेळा नाहीच. दुखत नाही म्हणून बाई थांबते.

अवेळी रक्त म्हणजे कर्करोग, असे मात्र कोणी समजू नये. बहुतेक स्त्रियांमध्ये कारण वेगळे आणि साधे निघते. पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजले, तर २४ ते ३८ दिवसांचे अंतर प्रौढ स्त्रीमध्ये सर्वसाधारण मानले जाते. रक्तस्राव आठ दिवसांपर्यंत चालू शकतो. दोन-चार दिवस इकडेतिकडे होणे यात बसते. पाळी नव्याने सुरू झालेल्या मुलींमध्ये पहिली दोन-तीन वर्षे ती अनियमित असू शकते. स्त्रीबीज दर महिन्याला सुटत नसेल तर पाळी लांबते आणि मग एकदम जास्त जाते. पीसीओएसमध्ये हेच होते. थायरॉइडचा बिघाड, गर्भाशयातल्या फायब्रॉइडच्या गाठी, अस्तरावरचे कोंब म्हणजे पॉलिप, जंतुसंसर्ग, तांबी, गर्भनिरोधक गोळ्या चुकणे, रक्त पातळ करणारी औषधे, रक्त गोठण्यातला जन्मजात दोष, ही सगळी कारणे ओपीडीत नेहमी सापडतात. त्यातल्या प्रत्येकाचा उपचार निराळा असतो. म्हणून शेजारणीला लागू पडलेल्या पाळी थांबवण्याच्या गोळ्या दुकानातून आणून घेण्याने नुकसान होते. रक्त काही दिवस थांबते आणि कारण आतच राहते.

वाट पाहू नये अशा काही गोष्टी ठरलेल्या आहेत. दोन पाळ्यांच्या मध्ये पुन्हा पुन्हा डाग पडणे आणि संबंधानंतर रक्त येणे, मग ते थेंबभर का असेना. पाळी जाऊन पूर्ण एक वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणे, तेही एकदाच दिसले तरी. अशा स्त्रियांपैकी साधारण दहांत एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो आणि तो लवकर सापडला तर बहुतेक जणी पूर्ण बऱ्या होतात. पाळी जायच्या वेळी असे व्हायचेच, हे वाक्य घराघरांत ऐकू येते. त्या वयात पाळीतले अंतर वाढणे स्वाभाविक आहे. पंधरा दिवसांनी येणे, आठवडेच्या आठवडे न थांबणे, मोठ्या गाठी पडणे मात्र तपासून घ्यायला हवे. दिवस राहिल्याची थोडीही शक्यता असेल आणि रक्त जात असेल, त्यातही एका बाजूला पोटात दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. गर्भ नळीत वाढत असेल तर काही तासांत जिवावर बेतते. तासाला एक पॅड भिजत असेल आणि असे दोन तासांहून अधिक चालले असेल, तरीही रात्रीची सकाळ करू नये. महिनोन्‌महिने जास्त जात राहिले तर हिमोग्लोबिन हळूहळू उतरते. बाईला त्याची इतकी सवय होते की जिना चढताना लागणारी धाप ती वयावर ढकलते.

आणखी एक अडचण ऐकू येते. रक्त जात असताना तपासायला कसे जायचे? थांबले की जाऊ, असे म्हणत महिने जातात. डॉक्टरला ते रक्त कुठून येते हेच पाहायचे असते. रक्त जात असतानाही आतून तपासणी करता येते आणि अशा वेळी ती करावीच. नुसत्या सोनोग्राफीवर भागत नाही. गर्भाशयमुखावरची छोटी गाठ सोनोग्राफीत दिसेलच याची खात्री नसते. ती दिसते उपकरण लावून डोळ्यांनी पाहिल्यावर. मागच्या वर्षी पॅप स्मिअर चांगला आला होता, एवढ्यावरही विसंबता येत नाही. पॅप स्मिअर ही तक्रार नसलेल्या स्त्रीसाठीची चाळणी चाचणी आहे. तक्रार असेल तर तपासणी नव्याने होते आणि गरजेप्रमाणे तुकडा काढून पाहतात.

डॉ. जोन्स यांनीही तुकडा काढून पाठवला. काही दिवसांत उत्तर आले, गर्भाशयमुखाचा कर्करोग, पहिला टप्पा. हेन्रिएटाने घरी कोणाला काही सांगितले नाही. उपचारासाठी काही दिवस रुग्णालयात राहायचे आहे, एवढेच नवऱ्याला कळले. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तिला भूल देऊन गर्भाशयमुखाशी रेडियमच्या नळ्या बसवल्या गेल्या. त्या काळी जगभर हाच मान्य उपचार होता. त्याआधी सर्जनने गाठीचा एक आणि निरोगी भागाचा एक असे दोन लहान तुकडे काढून डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेकडे दिले. तिला विचारले नव्हते. त्या काळी विचारत नसत. निरोगी भागाच्या पेशी काही दिवसांत मेल्या. गाठीच्या पेशी चोवीस तासांत दुप्पट होऊ लागल्या आणि त्यांचे वाढणे थांबलेच नाही.

रेडियमनंतर महिनाभर रोज क्ष-किरण घ्यावे लागणार होते. उपचार आटोपल्यावर डेव्हिड कामावरून सुटून न्यायला येईपर्यंत थांबायला शहरात जागा हवी होती, म्हणून तिने अखेर त्या दोन बहिणींना आजार सांगितला. क्ष-किरणांनी पोटाची कातडी कोळशासारखी काळी पडली. उपचारामुळे यापुढे मूल होणार नाही, हे तिला नंतर समजले. आधी माहीत असते तर उपचार घेतलेच नसते, असे तिने सांगितल्याची नोंद तिच्या कागदपत्रांत आहे. म्हणजे ज्या भीतीने वर्षभर डॉक्टर टाळले, तीच गोष्ट कोणी न सांगता घडली होती. वैद्यकीयदृष्ट्या उपचार योग्य होता, पण तिला एवढे सांगायला पाच मिनिटे लागली असती.

जूनमध्ये ती पुन्हा पुन्हा येऊन सांगू लागली की आजार अंगभर पसरतोय. तपासणीत काही सापडत नव्हते, म्हणून तिला परत पाठवले गेले. ८ ऑगस्टला तिला दाखल केले ते कायमचेच. वेदना मॉर्फिनलाही जुमानत नव्हत्या. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी ती गेली. शवविच्छेदनात जवळपास प्रत्येक अवयवात गाठी सापडल्या. गाय यांच्या प्रयोगशाळेतली सहायक त्या वेळी तिथे होती. महिनोन्‌महिने ज्या पेशी तिने हाताळल्या होत्या त्या एका जिवंत बाईच्या होत्या, हे तिला पहिल्यांदा जाणवले ते मृतदेहाच्या पायांकडे पाहून. नखांवरचा लाल रंग जागोजाग उडालेला होता.

पहिल्या टप्प्यातला आजार आठ महिन्यांत एवढा कसा पसरला? बऱ्याच वर्षांनी ते नमुने पुन्हा पाहिल्यावर कळले, की निदानात कर्करोगाचा प्रकार चुकला होता. तिचा आजार ग्रंथीपेशींतून उगवलेला, अधिक आक्रमक प्रकारचा होता. प्रकार तेव्हाच बरोबर ओळखला असता तरी उपचार तोच झाला असता. या आजाराचे मूळ उलगडायला मात्र आणखी काळ जावा लागला. १९८० च्या दशकात जर्मनीतले हॅराल्ड झुर हाउझेन यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे एचपीव्ही हा विषाणू असल्याचे दाखवले. त्याचा १८ क्रमांकाचा प्रकार त्यांना हेला पेशींमध्येही सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. लैंगिक संबंधातून पसरणारा हा विषाणू इतका सर्रास आढळतो, की त्याचा कोणाच्या चारित्र्याशी संबंध लावणे वेडेपणाचे आहे. बहुतेकींचे शरीर त्याला एक-दोन वर्षांत घालवून देते. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो आणि कर्करोग व्हायला सहसा दहा-पंधरा वर्षे घेतो. रक्त दिसण्याच्या खूप आधी त्याला गाठण्याची संधी या काळात मिळते.

ती संधी किती मोठी आहे, हे जगाला दाखवून देण्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांचा अभ्यास झाला. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. ज्या गटात एचपीव्हीची चाचणी एकदाच केली, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कर्करोगाने झालेले मृत्यू चाचणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. या चाचणी न झालेल्या गटाबद्दल नंतर टीकाही झाली आणि ती अवाजवी नव्हती. आता सरकारी कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या स्त्रियांची गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य केंद्रांतून विनामूल्य होते. ती करून घ्यायला तक्रार असावी लागत नाही. पुण्यात तयार झालेली एचपीव्हीची देशी लस २०२३ पासून मिळू लागली आहे. ९ ते १४ वयाच्या मुलींना तिचे दोन डोस दिले जातात. लस घेतली तरी तिशीनंतरची तपासणी सुटत नाही.

हेन्रिएटाला क्लोव्हरमध्ये पुरले. तिच्या कबरीवर २०१० पर्यंत दगडही नव्हता. पेशी जगभर विकल्या जात होत्या आणि घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. १९७३ मध्ये त्यांना तो योगायोगाने लागला. त्याच सुमारास पेशींच्या संशोधनासाठी कुटुंबातल्या लोकांचे रक्त घ्यायला काही माणसे आली. मुलगी डेबोरा आई गेली तेव्हा दोन वर्षांचीही नव्हती. आपल्यालाही तिशीत तोच आजार होणार, या धास्तीत ती वाढली होती. विषाणूमुळे होणारा हा कर्करोग आईकडून मुलीकडे वारशाने येत नाही, हे तिला कोणी समजावले नव्हते. कर्करोग आहे का हे पाहायला रक्त नेले, असेच ती समजून चालली आणि अहवाल कधी मिळेल हे विचारायला रुग्णालयात फोन करत राहिली. तशी चाचणी मुळात झालीच नव्हती.